फ्लार्म चालत नाहीये, किंवा चालतंय असं वाटतंय पण शेजारचं ग्लायडर दिसत नाही: दर वसंतात येणारा तोच बिघाड

मार्चचा शेवटचा आठवडा आला की माझा फोन वाजायला लागतो. दक्षिण जर्मनीतल्या एका छोट्या ग्लायडिंग क्लबमध्ये गेली नऊ वर्षं पॅनेलवरच्या इन्स्ट्रुमेंट्सचं काम माझ्याकडे आहे, हिवाळाभर झाकून ठेवलेली ग्लायडर्स बाहेर निघाली की पहिला प्रश्न ठरलेला, अरे फ्लार्म, म्हणजे ग्लायडर्सची हवेत टक्कर होऊ नये म्हणून इशारा देणारं छोटं यंत्र, चालत नाहीये, काय करू. यंदा तर दोन मराठी मुलांनी, एक स्वित्झर्लंडमध्ये उडतो आणि एक इंग्लंडमध्ये, दोघांनी एकाच आठवड्यात हेच विचारलं, म्हणून म्हटलं एकदाच सगळं मराठीत लिहून ठेवू.

आधी लक्षणं बघा, तुमचं यातलं कुठलं आहे ते.

हँगरमध्ये चालू केलं तर सगळं ठीक, बाहेर मैदानावर आणलं की मिनिटभरात एरर. किंवा अपडेटची पेन ड्राइव्ह लावली, लाइट लुकलुकले, आणि व्हर्जन जुनंच. किंवा अपडेट अर्ध्यात अडकलं. अपडेट झालं पण डिस्प्लेवर ‘डेटा नाही’ येतंय हे एक. हवेत गेल्यावर सतत कुणीतरी अगदी जवळ आहे असं दाखवतंय पण दिशा सांगत नाही हे आणखी एक. आणि सगळ्यात वाईट लक्षण म्हणजे काहीच लक्षण नसणं, हिरवा लाइट चालू, जीपीएस ठीक, एरर नाही, फक्त समोरचं ग्लायडर डोळ्यांना दिसतंय आणि डिस्प्लेच्या रिंगवर काहीच नाही. या शेवटच्यासाठीच खरं तर मी एवढं लिहितोय.

ज्यांना फ्लार्म माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्लायडरला इंजिन नसतं, गरम हवेचा वर जाणारा झोत, म्हणजे थर्मल, मिळाला की सगळे तिथेच घिरट्या घालतात, कधी कधी आठ-दहा ग्लायडर्स एकाच झोतात एकमेकांपासून पन्नास-शंभर मीटरवर. मोठ्या विमानातली टक्कर टाळायची यंत्रणा इथे लावली तर ती अखंड ओरडत राहील. म्हणून २००४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या काही ग्लायडर पायलटांनी हे छोटं डिव्हाइस काढलं. त्यात जीपीएस असतो, हवेच्या दाबाचा सेन्सर असतो, आपण पुढच्या काही सेकंदांत कुठे असू याचा ते हिशोब करतं आणि तो हिशोब छोट्या रेडिओवरून, युरोपात ८६८ मेगाहर्ट्झच्या आसपास, साधारण सेकंदाला एकदा बाहेर सांगतं. समोरच्या ग्लायडरमधलं डिव्हाइस ते ऐकतं, स्वतःच्या मार्गाशी ताडून बघतं, आणि धोका असेल तरच वाजतं.

म्हणजे हे एकट्याचं यंत्र नाहीच. बोलणारा आणि ऐकणारा दोघांची भाषा एक असायला लागते. ती भाषा मधून मधून सुधारतात, २०१५ मध्ये सहा नंबरचं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, आलं तेव्हा सगळ्यांना ठरलेल्या तारखेच्या आत बदलावं लागलं होतं, आता सात नंबरची मालिका आहे. कुणी जुनीच भाषा बोलत राहू नये म्हणून फर्मवेअरला मुदत असते, आणि कंपनीचा नियम आहे की बारा महिन्यांत किमान एकदा अपडेट झालंच पाहिजे. बरेच जण चिडतात, म्हणतात चालू यंत्र मुद्दाम बंद पाडतात. मला हे पटत नाही. मुदत नसती तर अर्धे लोक जुन्या भाषेत बोलत राहिले असते आणि कुणालाच कळलं नसतं.

सॉफ्टवेअरने काय फरक पडतो असं वाटत असेल तर युबरलिंगन आठवा, आमच्या मैदानापासून गाडीने दीड तास. १ जुलै २००२ च्या रात्री दोन मोठी विमानं तिथे आदळली आणि ७१ माणसं गेली. दोन्ही विमानांत टीकॅस, म्हणजे मोठ्या विमानातली टक्कर टाळायची यंत्रणा, होतं, एकाला यंत्र वर जा म्हणत होतं आणि जमिनीवरचा कंट्रोलर खाली ये म्हणत होता. त्यानंतर टीकॅसचं ७.१ व्हर्जन आलं, त्यात समोरचं विमान सांगितल्याप्रमाणे वागत नसेल तर सल्ला उलटा करायचं गणित सुधारलं आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ होईल अशी एक सूचना बदलून सरळ ‘लेव्हल ऑफ’ केली. युरोपात १ डिसेंबर २०१५ पासून ते मोठ्या विमानांना सक्तीचं आहे. आपल्याकडे चरखी दादरीला १२ नोव्हेंबर १९९६ ला ३४९ माणसं गेली, त्यानंतर भारतातही ही यंत्रणा सक्तीची झाली. तर व्हर्जन नंबर हा कागदावरचा आकडा नाही, एवढंच.

आता तपासणी. फुकट आणि सोपं आधी, खर्चिक शेवटी. क्रम मोडू नका, कारण मी बघितलंय लोक थेट अँटेना बदलायला जातात आणि दुखणं बॅटरीत निघतं.

पहिलं म्हणजे ग्लायडर उघड्या आकाशाखाली आणा आणि पाच मिनिटं थांबा. फर्मवेअरची मुदत संपलीये की नाही हे डिव्हाइसला तारखेवरून कळतं आणि तारीख त्याला जीपीएसकडून मिळते. पत्र्याच्या हँगरमध्ये जीपीएस नाही, तारीख नाही, म्हणून एररही नाही. आमच्या क्लबमध्ये दोन वर्षं लागोपाठ हेच झालं, शनिवारी रात्री हँगरमध्ये सगळ्यांनी चालू करून बघितलं, ठीक आहे म्हणाले, आणि रविवारी सकाळी ग्लायडरला खेचून हवेत चढवणाऱ्या विंचच्या दोरीला लावायच्या रांगेत एकेकाचा डिस्प्ले लाल. तारखेचाच आणखी एक घोळ जुन्या उपकरणांत असतो. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२४ झाला की परत शून्यावर येतो, ६ एप्रिल २०१९ च्या रात्री तसं झालं आणि काही जुने रिसीव्हर जवळजवळ वीस वर्षं मागे गेले. तुमचं यंत्र चुकीचं साल दाखवत असेल तर फर्मवेअर टाकत बसू नका, जीपीएसचा भागच म्हातारा झालाय, ते दुकानात न्यायचं काम.

दुसरं बॅटरी. मीटर लावा. १२ व्होल्टची बॅटरी रात्रभर चार्ज करून सकाळी साडेबारा व्होल्टच्या वर नसेल तर आज अपडेट करू नका. अपडेट चालू असताना व्होल्टेज पडलं तर अर्धं फर्मवेअर नवं अर्धं जुनं अशी अवस्था होऊ शकते, आणि मग पाच मिनिटांचं काम पोस्टाने पाठवायच्या कामात बदलतं. मी तर अपडेट करताना रेडिओ, व्हेरिओ (वर-खाली जायचा वेग दाखवणारं यंत्र), ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र) सगळं बंद ठेवतो.

तिसरं, एरर कोड वाचा. अंदाज करू नका, वाचा. पॉवरफ्लार्मच्या, म्हणजे फ्लार्मच्या नव्या मॉडेलच्या, मॅन्युअलमध्ये पूर्ण यादी आहे. मला सगळ्यात जास्त भेटणारे पाच सांगतो. ११ म्हणजे फर्मवेअरची मुदत संपली. १२ म्हणजे अपडेट करताना चूक. २१ म्हणजे वीज कमी, परत बॅटरीकडे जा. ८२ म्हणजे अडथळ्यांच्या नकाशाची मुदत संपली, हा नकाशा वेगळा असतो, त्याचं लायसन्स विकत घ्यावं लागतं, आल्प्समध्ये दरीतून जाणाऱ्या तारा आणि रोपवे त्यात असतात, म्हणजे फर्मवेअर नवं असलं तरी तारांबद्दल तुम्ही आंधळे असू शकता. आणि ४२. बेचाळीसबद्दल खाली सविस्तर.

चौथं पेन ड्राइव्ह आणि फाइल. अपडेट होतच नाही म्हणणाऱ्या दहातल्या सात जणांचं दुखणं इथे असतं. डिव्हाइसला फॅट-३२ फॉरमॅट लागतो, आणि हल्ली दुकानात मिळणारी ६४ जीबीची कार्डं आणि ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये येतात, ती यंत्राला दिसतच नाहीत. जुनी ८ किंवा १६ जीबीची शोधा. फाइल बरोबर मॉडेलची आहे ना बघा, क्लासिक फ्लार्म वेगळं, पॉवरफ्लार्म वेगळं, आणि दुसऱ्या कंपन्यांनी आतमध्ये फ्लार्मचं मॉड्यूल बसवून विकलेली यंत्रं आणखी वेगळी. फर्मवेअर फुकट आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. फाइल फोल्डरमध्ये ठेवू नका, ड्राइव्ह उघडल्या उघडल्या दिसली पाहिजे. गेल्या वर्षीची फाइल पुसा, एकच फाइल ठेवा. दोनदा डाउनलोड केली असेल तर ब्राउझर नावाच्या शेवटी कंसात एक असा आकडा चिकटवतो, तो काढा. मॅकवाल्यांनी जास्त लक्ष द्या, मॅक स्वतःच्या लपलेल्या फाइल्स ड्राइव्हवर टाकतो, त्यांचं नाव टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होतं, मी त्या पुसूनच ड्राइव्ह काढतो. आणि गेल्या वर्षीच्या उड्डाणांच्या फाइल्स आधी उतरवून घ्या, कुणाच्या तरी पहिल्या ३०० किलोमीटरची फाइल त्यात असते आणि ती गेली तर परत मिळत नाही.

मग डिव्हाइस बंद, ड्राइव्ह लावा, चालू करा, हात बाजूला. काही मिनिटं जातात, मध्ये ते स्वतः बंद होऊन परत चालू होऊ शकतं, घाबरून स्विच मारू नका. तीन-चार वर्षं अपडेटच केलं नसेल तर रिलीज नोट्स वाचा, कधी कधी मधलं एखादं व्हर्जन आधी टाकायला सांगतात. झाल्यावर ड्राइव्ह काढा, परत चालू करा आणि चालू होताना व्हर्जनचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. झालं असेल असं धरून चालू नका.

पाचवं कॉन्फिग फाइल, म्हणजे त्या त्या ग्लायडरचा आयडी आणि सेटिंग्ज लिहिलेली फाइल, आणि इथे जरा थांबून वाचा.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिलमध्ये मी एकच पेन ड्राइव्ह घेऊन क्लबच्या चार ग्लायडर्सना अपडेट केलं, दोन सीटचं एएसके-२१ आणि तीन एका सीटची. चारही अपडेट झाली, चारही हिरवी, व्हर्जन बरोबर, मी खूश. मेमध्ये एक शिकाऊ मुलगी सोलो उडून खाली आली, पॅराशूटचे पट्टे सोडता सोडता म्हणाली, माझ्या डावीकडे एएसके होतं, पांढरं, कॉकपिटमधली दोन डोकी मोजता येत होती, आणि रिंगवर एकही टिपका नव्हता. शेजारच्या क्लबची ग्लायडर्स मात्र व्यवस्थित दिसत होती. मी ती ड्राइव्ह लॅपटॉपला लावली आणि पोटात गोळा आला. त्यावर फर्मवेअरच्या शेजारी एएसकेची कॉन्फिग फाइल पडून होती, त्यात एएसकेचा आयडी, आणि ड्राइव्ह लावून डिव्हाइस चालू केलं की ते ती फाइल पण वाचतं. म्हणजे चार ग्लायडर्स एकाच नावाने हवेत. एकच आयडी असलेलं दुसरं डिव्हाइस ऐकू आलं की फ्लार्म त्याच्याबद्दलची सूचना दाबून टाकतं, हाच तो ४२ नंबर, आणि आमच्या लाइटवाल्या जुन्या डिस्प्लेवर तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. तीन आठवडे आमचीच ग्लायडर्स एकमेकांना दिसत नव्हती, आणि तीही एकाच मैदानावरून, एकाच थर्मलमध्ये उडणारी, म्हणजे टक्कर होण्याची शक्यता सगळ्यात जास्त ज्यांची तीच.

त्या दिवसापासून नियम केलाय. फर्मवेअरची ड्राइव्ह वेगळी, तिच्यावर दुसरं काही नाही. प्रत्येक ग्लायडरची कॉन्फिग वेगळ्या ड्राइव्हवर, ड्राइव्हला त्या ग्लायडरच्या शेपटीवरची अक्षरं लिहिलेली. फाइल साधी टेक्स्ट असते, नोटपॅडमध्ये उघडते, दोन ओळी तरी वाचाच. एक आयडीची. ट्रान्सपॉन्डर असेल तर त्यात आणि फ्लार्ममध्ये तोच २४ बिटचा पत्ता, म्हणजे त्या विमानाचा ओळख क्रमांक, हवा, एक अक्षर जरी चुकलं तर फ्लार्म स्वतःच्याच ट्रान्सपॉन्डरला परकं विमान समजतं, वर लिहिलेलं ‘सतत कुणीतरी जवळ, दिशा नाही’ हे लक्षण बहुतेक वेळा यातूनच येतं. आणि असं खोटं दोन-तीन वेळा ओरडलं की माणूस खऱ्या इशाऱ्याकडेही बघत नाही. दुसरी ओळ विमानाच्या प्रकाराची, ग्लायडरला १, ग्लायडर ओढणाऱ्या विमानाला २. हेही चुकीचं असू नये, कारण मार्गाचा हिशोब त्यावर ठरतो.

सहावं, डिस्प्लेवर डेटा नाही. वेगळा डिस्प्ले असेल तर त्यालाही स्वतःचं फर्मवेअर असतं, मुख्य डबा नवा आणि डिस्प्ले जुना असं चालत नाही. ते ठीक असेल तर दोघांचा बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवायचा वेग, सारखा आहे का बघा, रीसेट झाल्यावर एक १९२०० वर आणि एक ५७६०० वर असं मी कितीदा बघितलंय. वायर बदलून बघायची असेल तर एक लक्षात ठेवा, ती दिसायला घरच्या इंटरनेटच्या केबलसारखी असते पण तिच्यातून १२ व्होल्ट वाहतात, लॅपटॉपला किंवा राउटरला लावलीत तर तो गेला.

सातवं, दुसऱ्याला आपण दिसतोय का. अपडेट इथे पूर्ण होतं, फाइल टाकली तेव्हा नाही. सोपा उपाय असा की दोन ग्लायडर्स बाहेर काढून काही अंतरावर उभी करा, दोन्हींत माणूस बसवा, दोन्ही डिस्प्लेवर एकमेकांची नोंद येते का बघा. मग पहिल्या उड्डाणाच्या वेळी जमिनीवरच्या माणसाने मोबाइलवर ओपन ग्लायडर नेटवर्कचा नकाशा उघडायचा, युरोपात या स्वयंसेवकांनी लावलेले रिसीव्हर बऱ्याच मैदानांवर आहेत, आपलं ग्लायडर तिथे दिसलं तर निदान बोलतंय हे नक्की. कॉन्फिगमध्ये ट्रॅकिंग नको असं लिहिलं असेल तर मात्र दिसणार नाही, ते आधी तपासा.

चार-पाच उड्डाणं झाली की उड्डाणाची फाइल फ्लार्मच्या साइटवरच्या रेंज अॅनालायझरमध्ये टाका, फुकट आहे, कुठल्या दिशेला किती लांबचं ऐकू येतं याचं चित्र येतं. हे का करायचं तर हिशोब बघा. दोन ग्लायडर्स ताशी १५० ने समोरासमोर आली तर एकमेकांकडे ताशी ३०० ने येतात, म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. पुढच्या दिशेची रेंज एकच किलोमीटर असेल तर तुमच्या हातात बारा सेकंद, त्यात ऐकायचं, शोधायचं, वळायचं. चित्रात पुढच्या बाजूला खड्डा दिसला तर अँटेना बघा. ती उभी हवी, धातूपासून लांब, आणि कार्बनच्या आड नको, कार्बन फायबर रेडिओ अडवतो. पायाचा धक्का लागून वाकलेली अँटेना सरळ करणं एवढंच तुमचं काम.

आता कुठे थांबायचं. दोन वेगवेगळ्या ड्राइव्ह आणि ताज्या डाउनलोडने तिसऱ्यांदाही १२ आला तर थांबा, चौथ्यांदा करू नका. ४१ म्हणजे रेडिओ, ६१ म्हणजे आतली मेमरी, ७१ म्हणजे दाबाचा सेन्सर, यातलं काहीही आलं तर डबा काढून उत्पादकाकडे किंवा अधिकृत वर्कशॉपकडे. फ्यूज एकदा उडाला आणि बदलल्यावर परत उडाला तर मोठा फ्यूज टाकायचा नाही, लगेच थांबा. आणि पॅनेलचे स्क्रू काढायची, नवी वायर ओढायची, अँटेनाची जागा बदलायची वेळ आली की ते विमानाच्या कागदपत्रांत नोंदवायचं काम आहे, त्याला लायसन्स असलेला माणूस लागतो, जर्मनीत आम्ही त्याला प्रुफर म्हणतो. मी इंजिनिअर आहे, सोल्डरिंग येतं, तरी मी ते करत नाही. हडपसरला विंचवरून पहिल्यांदा उडालो तेव्हापासून एक सवय लागलीये, जे काम सहीशिवाय उडत नाही त्याला हात लावायचा नाही.

तोपर्यंत ते ग्लायडर उडवायचंच असेल तर डिस्प्लेवर लाल टेप लावून ‘फ्लार्म बंद’ लिहा, सकाळच्या ब्रीफिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगा, आणि त्या दिवशी गर्दीच्या थर्मलपासून आणि डोंगराच्या कडेपासून लांब राहा. अपडेट नीट झालं असेल तर पांढरी टेप कॉकपिटच्या आत उजव्या बाजूला, तिच्यावर तारीख, व्हर्जन, आयडी, आणि कुणाच्या डिस्प्लेवर हे ग्लायडर दिसलं त्याचं नाव. शेवटचं नाव लिहिता येत नसेल तर टेप लावू नका, काम अजून बाकी आहे.